प्रॉव्हिडन्सच्या रत्नामावशी

रत्नामावशींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या कार पार्कमध्ये आडव्या पडल्या होत्या. अंगात रेनकोट, पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. लांब लाकडी काठीचं एक टोक मॅनहोलच्या झाकणावर टेकवलेलं आणि दुसऱ्या टोकाला कान. शेजारी एक गोरी बाई घाबरून अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावत होती. मावशींनी डोळे न उघडता हात वर केला.

"आय अ‍ॅम नॉट डेड, लव्ह. आय अ‍ॅम लिसनिंग."

मग त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या मराठी पत्रकांकडे गेलं. "आपली दिसतेस. ये, कान लाव."

मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि रविवारच्या बुद्धवंदनेसाठी बाबांबरोबर हॉलवर आले होते. हॉलच्या मागेच हे कार पार्क. चारचौघांत जमिनीवर झोपायचं म्हणजे मरणप्राय लाज. तरी झोपले.

"काही ऐकू येत नाही."

"येतंय. तू वरची ट्रॅफिक ऐकतेयस. तिच्या खालचं ऐक."

थोड्या वेळाने ते आलं. शेजारच्या घरात कुणी नळ सुरू ठेवून गेल्यासारखा बारीक, न थांबणारा आवाज.

"ओढा आहे," मावशी म्हणाल्या. "पाइपात घालून वर डांबर टाकलंय. लोक विसरले. तो विसरला नाही."

मावशी आता नाहीत. ग्लासगोला लेकीकडे राहायला गेल्या आणि पहिल्याच हिवाळ्यात गेल्या. त्यांच्यावर शोकगीत लिहायची माझी इच्छा नाही, त्यांनी ते खपवूनही घेतलं नसतं. ज्या बाईने आयुष्यात जे मागितलं ते शेवटी कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, काढून घेतलं, तिच्यावर हळहळायचं कशाला?

त्यांचं घर लंडनच्या टोकाला, पिनरच्या अलीकडे, आमच्यापासून दोन स्टॉपवर. पाहुण्याला चहा मिळायचा नाही. थंडगार दुधात कॉफीचं गोड सिरप ढवळून उंच ग्लास पुढे यायचा. आमच्या समाजात या प्रकाराची दहशत होती. थोरात काका, म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष, मावशींकडे जायच्या आधी घरून चहा पिऊन निघत. "ताई, हे काय लहान मुलांचं दूध देता?" असं त्यांनी एकदा विचारलं, तर उत्तर आलं, "प्रॉव्हिडन्सला मोठी माणसंही हेच पितात. मोठी माणसं म्हणजे माझ्यासारखी."

प्रॉव्हिडन्स हे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं शहर, तिथल्या सगळ्यात छोट्या राज्याची राजधानी. "आपल्या एका जिल्ह्यात बसेल, एवढं राज्य," मावशी सांगत. त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी त्या शहराचा घड्यांवर फाटलेला मोठा नकाशा होता. पोळी भाजताना त्या उलथनं नकाशाकडे करून रस्त्यांची नावं मराठीत करून वाचायच्या: आशा, मैत्री, शांती, उपकार. खरंच अशी नावं आहेत तिथे. लाकडी तिमजली घरं, एका घरात तीन कुटुंबं. मावशी सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायच्या, आणि तीन मजले बर्फाचे बूट हातात घेऊन चढायच्या, कारण खालच्या म्हातारीला जिना ओला झालेला चालायचा नाही.

ते शहर वसवलं एका हद्दपार माणसाने. सरकारने कुणाच्या विवेकात नाक खुपसू नये, एवढं बोलल्याबद्दल त्याला भर हिवाळ्यात शेजारच्या वसाहतीतून हाकललं होतं. तिथल्या मूळ लोकांनी त्याला जमीन दिली. मग त्याने गावाला नाव दिलं देवाच्या कृपेचं. मावशी देव मानत नसत. "नाव देवाच्या कृपेचं," त्या म्हणायच्या, "पण नदी उघडायला माणसंच लागली. त्यातली एक मी."

प्रॉव्हिडन्सने आपल्या नद्या झाकून टाकल्या होत्या. दोन लहान नद्या शहराच्या मधोमध भेटतात, तिसरी होऊन समुद्राकडे जातात, आणि त्या भेटीवरच रेल्वेचे रूळ, रस्ते, गाड्यांची जागा असं एकावर एक चढत गेलं. इतकं, की नद्यांवरचं ते झाकण म्हणजे जगातला सगळ्यात रुंद पूल आहे अशी थट्टा व्हायची. मग कुणीतरी ठरवलं की हे काढायचं. काँक्रीट फोडायचं, नद्यांना थोडी नवी जागा द्यायची, वर छोटे पूल बांधायचे. त्या कामावरच्या एका कंपनीत नागपूरहून शिकून आलेली, लग्न होऊन तिकडे गेलेली रत्नमाला नावाची मुलगी ड्रॉइंगच्या टेबलावर बसत होती. काठाच्या भिंतींचे उतार तिने काढले होते.

आणि नदी अर्धी उघडली असताना नवऱ्याला ब्रिस्टलला नोकरी लागली. सामान बांधून त्या इंग्लंडला आल्या. पुढे मावशींचे यजमान वारले, लेक मोठी झाली, मावशी लंडनच्या एका पाण्याच्या कंपनीत गळत्या शोधायच्या कामाला लागल्या, ती काठी तिथलीच. पण प्रॉव्हिडन्सचं पाणी उन्हात आलेलं त्यांनी पाहिलं नाही. आता तिथे नदीच्या मधोमध लोखंडी टोपल्यांत लाकडं पेटवतात आणि लोक काठावरून बघतात. त्याचं एक पोस्टकार्ड कुणीतरी पाठवलं होतं. ते मावशींनी नकाशावर लावलं नव्हतं, ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं.

"का?" मी एकदा विचारलं.

"दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे ते. मला एक तरी पाणी माझ्यासमोर वर यायला हवं. एक. छोटं चालेल."

पाण्याचा एवढा ध्यास कशाला, हेही मी विचारलं होतं. त्याचं उत्तर त्यांनी एकदाच दिलं, भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून. त्यांची आई काटोलजवळच्या संत्र्याच्या बागेत मजुरीला जायची. बागेत विहीर होती. आई पंचवीस वर्षं त्या विहिरीचं पाणी प्यायली, पण ओंजळीत. वरून कुणी ओतलं तर. कुणी आलं नाही तर आई उभी राहायची.

"आणि मी," मावशी म्हणाल्या, "नदीला हात लावायचा पगार घेतला. डॉलरमध्ये." मग नळ बंद केला आणि विषयही.

माझ्यासारख्या मुलीला एवढं पुरेसं होतं. माझे बाबा पत्रकं छापायचे. आमच्या गॅरेजमध्ये गाडी कधी राहिलीच नाही, तिथे एक खोकणारं कॉपियर आणि कागदांचे गठ्ठे. मी मराठी वाचायला शिकले ती पत्रकांवरून, त्यामुळे माझी भाषा लहानपणापासून उद्गारचिन्हांतच चालायची. कौन्सिल ते कार पार्क फ्लॅट बांधायला विकणार अशी बातमी आली, तेव्हा मी युनिव्हर्सिटीतून घरी येऊन एका बैठकीत पत्रक लिहिलं आणि मावशींकडे धावले. पहिलं वाक्य होतं: 'नफेखोरीच्या निर्दय काँक्रीटखाली गुदमरणाऱ्या आपल्या ओढ्याची किंकाळी ऐका!'

मावशींनी चष्मा लावला. कॉफीचा ग्लास माझ्याकडे सरकवला. वाचलं.

"किंकाळी? प्रज्ञा, मी पाच वर्षं ऐकतेय. तो किंचाळत नाही. तो मस्त वाहतोय. खोटं कशाला लिहायचं?"

"मावशी, लोकांना राग यायला नको का?"

"यायला हवा. पण सगळा राग तूच करून टाकलास तर वाचणाऱ्याने काय करायचं? लांबी लिही. कुठून येतो, कुठे जातो ते लिही. गप्प बस."

त्यांनी पेन घेऊन माझी सतरा विशेषणं काढली. ती माझी लेखनाची पहिली शिकवणी, आणि अजूनही एकमेव. जे उरलं ते असं: 'या कार पार्कखाली एक ओढा आहे. तुमची गाडी त्याच्यावर उभी आहे. झाकणाला कान लावून बघा. वर फ्लॅट झाले तर तो पुन्हा कधी उघडता येणार नाही.'

पुढच्या शनिवारी कार पार्कमध्ये सहा माणसं आडवी होती. त्यांत एक पाद्री होता.

पण कौन्सिलकडे रिपोर्ट होता. बाहेरच्या सल्लागारांचा, जाडजूड. त्यात लिहिलं होतं की जुना पाइप निकामी आहे, ओढा फार पूर्वीच मोठ्या रस्त्याच्या गटारात वळवलेला आहे, कार पार्कखाली जे ऐकू येतं ते नळाच्या मेन लाइनचं. ड्रेनेजचा अधिकारी कॉलिन भला माणूस होता, मावशींच्या कॉफीचे दोन ग्लास पिणारा मला माहीत असलेला एकमेव प्राणी. तोही हताश होऊन म्हणाला, "रत्ना, माझ्याकडे रिपोर्ट आहे. तुमच्याकडे काठी आहे."

"पाइपात कॅमेरा घाल."

"त्याला परवानगी लागते. परवानगीला कारण लागतं. रिपोर्ट म्हणतो कारण नाही."

विक्रीबद्दल कौन्सिलच्या कमिटीचा निर्णय मे महिन्यात होणार होता. मावशी तेव्हा पहिल्यांदा मला म्हाताऱ्या दिसल्या. स्वयंपाकघरात नकाशासमोर उभ्या होत्या, हातात ड्रॉवरमधलं ते पोस्टकार्ड. "हाही अर्धाच राहणार बहुतेक," एवढंच बोलल्या.

आणि मग एप्रिल आला. जयंती.

त्या वर्षी आम्ही पोरांनी ठरवलं की मिरवणुकीचा बॅनर विकतचा नको. चाळीस फूट पांढरं कापड आणायचं आणि हॉलमध्येच निळं रंगवायचं. मी बर्मिंगहॅमच्या होलसेलरकडून मिठाईवाल्यांचा खायचा निळा रंग आणला, कारण लहान मुलं हात घालणार होती. चार मोठे टब. कापड झकास झालं. मुलं कोपरापर्यंत निळी झाली. मग प्रश्न आला की टबातलं पाणी टाकायचं कुठे. सिंकमध्ये ओतलं तर सिंक निळं होणार, हॉलचं डिपॉझिट जाणार.

"मागे ओता रे," थोरात काका ओरडले. "बाहेर. जाळीत."

आपल्याकडे हेच करतात. मोरीचं, कपड्यांचं, रंगाचं पाणी मागच्या दाराने बाहेर आणि गटारात. तिथे गटार म्हणजे गटार. इथे गटारं दोन असतात. घरातलं पाणी जातं ते शुद्ध व्हायला जातं, पण रस्त्यावरच्या जाळीतलं पाणी थेट जवळच्या ओढ्यानदीत जातं. हे आमच्यातल्या एका बाईला पक्कं माहीत होतं, आणि ती तेव्हा पुढच्या दाराशी मुलांचे हात धूत होती.

चार टब आम्ही कार पार्कमधल्या जाळीत रिकामे केले. "जय भीम!" म्हणून टाळ्याही वाजवल्या. मी फोटो काढला.

मिरवणूक निघायच्या आतच फोन वाजायला लागले. रस्त्यापलीकडे पार्क आहे, तिथे एका विटांच्या तोंडातून थोडं पाणी येऊन तळ्याला मिळतं. ते पाणी निळं आलं होतं. नुसतं निळसर नव्हे, आमच्या झेंड्याचं निळं. कुत्र्याला फिरवणाऱ्या कुणीतरी फोटो टाकला होता: तळ्यात चार पांढरी बदकं, कमरेखाली निळी. खाली लोकांचा संताप, पोलिसांना बोलवा, कुठल्या नालायकांनी केलं हे.

थोरात काकांनी सगळ्यांना आत घेतलं आणि दार लावलं.

"कोणी काही बोलायचं नाही. कोणी पाहिलेलं नाही. समाजाचं नाव पेपरात जाईल, पुढच्या वर्षी हॉल मिळायचा नाही. प्रज्ञा, तो फोटो डिलीट कर."

मावशी कोपऱ्यातून आल्या. हात ओले. "किती वाजता ओतलंत?"

"ताई, मी काय सांगतोय आणि तुम्ही काय विचारताय!"

"थोरात साहेब, किती वाजता?"

मी फोन काढला. माझ्या फोटोवर वेळ होती, दोन चौदा. बदकांच्या फोटोवर दोन तेहेतीस.

"एकोणीस मिनिटं," मावशी म्हणाल्या आणि स्टेजच्या पायरीवर बसल्या. पुन्हा म्हणाल्या, "एकोणीस मिनिटं. आणि रिपोर्ट म्हणतो कोरडा आहे." मग हसायला लागल्या. इतक्या, की त्यांना पाणी आणून द्यावं लागलं.

"आत्ता कौन्सिलला लिहायचं," त्यांनी ग्लास खाली ठेवला. "रंग आम्ही ओतला. इथे, एवढा, इतक्या वाजता."

"कबुली?" थोरात काका अक्षरशः ओरडले. "अहो फाइन होईल! आपण या देशात चाळीस वर्षं मान खाली घालून नीट राहिलो, आणि तुम्ही आज..."

"मान खाली घातली होती म्हणूनच मला ओढा सापडला. आता वर करू या."

मावशींचा आवाज अजिबात चढला नव्हता. "हे बघा. आपण गप्प बसलो तर तो कुणाचाही रंग आहे, कुठूनही आलेला. पुरावा शून्य. आपण सांगितलं तर तो पुरावा आहे. चूक केली ती केलीच ना? मग ती कामाला तरी येऊ द्या."

पत्र मीच टाइप केलं. एकही विशेषण नाही. चार टब, प्रत्येक ऐंशी लिटर, रंगाच्या डब्यावरचं नाव, जाळीची जागा, दोन्ही वेळा, दोन्ही फोटो. 'आमची चूक झाली. पुन्हा होणार नाही.' खाली मावशींची सही, माझी सही. मग आम्ही दोघी थांबलो. थोरात काका खिडकीतून कार पार्ककडे बघत उभे होते. वळले, खिशातलं पेन काढलं आणि आमच्या सह्यांच्या वर इंग्रजीत एक ओळ लिहिली: माझ्या सांगण्यावरून ओतलं.

"अध्यक्ष मी आहे," ते म्हणाले. "ऑर्डर माझी होती."

त्या दिवसापासून मावशी त्यांना चहा द्यायला लागल्या.

दंड झाला नाही. समज देणारं एक कडक पत्र आलं, ते मावशींनी फ्रेम करून प्रॉव्हिडन्सच्या नकाशाशेजारी टांगलं. कमिटीसमोर बोलायला त्यांना तीन मिनिटं मिळाली. त्यांनी एका मिनिटात दोन फोटो दाखवले, दोन वेळा वाचल्या आणि म्हणाल्या, "माझी दोन मिनिटं उरलीत. ती मी अध्यक्षांना देते. कार पार्क समोरच आहे, काठी माझ्याकडे आहे." कमिटीच्या अध्यक्षबाई गळ्यात मोत्यांची माळ घातलेल्या, सत्तरीच्या. मग बाई उठल्या. आणि आम्ही पाहिलं: कौन्सिलच्या बाई कार पार्कमध्ये गुडघे टेकून, डोळे मिटून, मोती डांबरावर लोळतायत. उठल्या तेव्हा कॉलिनला एवढंच म्हणाल्या, "कॅमेरा घाला."

कॅमेऱ्यात विटांची देखणी कमान दिसली आणि खाली घोट्याएवढं स्वच्छ पाणी. विटांना अजून थोडा निळा रंग होता.

विक्री थांबली. पुढे तीन वर्षं गेली, सभा, पुराच्या कामाचा निधी, नकाशे. काठाच्या उतारांचं ड्रॉइंग तपासायला कॉलिन मावशींकडेच यायचा. जिथे साठ गाड्या उभ्या राहायच्या तिथे शेवटी एक वळणदार ओढा वाहायला लागला, उघडा, काठाला वाळ्यासारखं गवत. तिथून तो रस्त्याखाली जुन्या कमानीत शिरतो आणि पलीकडे पार्कात निघतो.

उद्घाटनाच्या दिवशी मंडप होता, रिबन होती, मोत्यांच्या बाई होत्या. थोरात काका सूट घालून पहिल्या रांगेत. कात्री घेऊन कॉलिन मावशींना शोधत होता. त्या मंडपात नव्हत्या.

मला त्या ओढ्याच्या वरच्या टोकाला सापडल्या. जयंतीची पांढरी साडी, खाली तेच रबरी बूट. काठावर दहा मीटरवर दोन खुंट्या ठोकलेल्या, आणि हातात संत्रं. प्रवाहाचा वेग मोजायची ही साधी पद्धत आहे. संत्रं तरंगतं, पण बरंचसं पाण्यातच राहतं, लांबून दिसतं, आणि एका खुंटीपासून दुसरीपर्यंत जायला लागणारा वेळ लावायचा. मावशी खाली वाकल्या. संत्रं सोडायच्या आधी त्यांनी दुसरा हात पाण्यात घातला, मनगटापर्यंत, आणि एका हाताच्या ओंजळीत मावेल तेवढं पाणी उचलून परत ओतलं.

"घड्याळ धर," मला म्हणाल्या. "मोजमाप चुकलं तर याद राख. हं, सोडतेय!"

संत्रं निघालं. मावशी काठाने त्याच्याबरोबर चालत होत्या, नजर पाण्यावर. पहिली खुंटी गेली. मी बटण दाबलं. दुसरी खुंटी आली. तिथे थांबून संत्रं जाळीने उचलायचं होतं. त्या थांबल्या नाहीत.

"मावशी! झालं!"

"थांबतच नाहीये गं ते!" त्या ओरडल्या, आणि पळायला लागल्या. पासष्टी उलटलेली बाई, निऱ्या मुठीत, मंडपावरून, भाषणावरून, रिबनवरून सरळ पुढे. लोक माना वळवून बघायला लागले. संत्रं रस्त्याखालच्या कमानीत दिसेनासं झालं. मावशी फूटपाथवर पोचल्या. समोरून डबलडेकर बस येत होती. त्यांनी हात वर केला. तोच हात, डोळे न उघडता वर केलेला. बस थांबली. ड्रायव्हरने हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते तिथे. दुसऱ्या दिवशी सकाळी मला ट्रेन पकडायची होती, आणि त्या आठवड्यात त्या ग्लासगोला निघून गेल्या. रस्त्याच्या पलीकडे, पार्काच्या कठड्यावर ओणव्या होऊन त्या विटांच्या तोंडात बघत होत्या. इकडे मोत्यांच्या बाईंनी भाषण मध्येच सोडलं होतं. सगळा मंडप उभा राहून रस्त्यापलीकडे बघत होता. थोरात काका खुर्चीवर चढले होते.

मग पार्कातून आवाज आला, रस्ता ओलांडून, बसच्या वरून.

"आलं! आलं गं, प्रज्ञा, आलं!"

आणि कठड्याच्या वर एक ओला हात, हातात संत्रं. माझ्या मुठीतलं घड्याळ तेव्हाही चालूच होतं.